छायाचित्राची साक्ष आणि संगणकाची सफाई

१० मार्च २०२४ रोजी, ब्रिटनमध्ये मातृदिन साजरा होत असताना, तेथील राजघराण्याने युवराज्ञी कॅथरीन आणि त्यांची तीन मुले यांचे एक छायाचित्र प्रसृत केले. शस्त्रक्रियेनंतर युवराज्ञी कित्येक आठवडे लोकांसमोर आल्या नव्हत्या. तेव्हा हे छायाचित्र म्हणजे त्यांच्या प्रकृतीविषयीचा एक प्रकारचा खुलासाच होता. काही तासांतच असोसिएटेड प्रेस, रॉयटर्स आणि एएफपी या वृत्तसंस्थांनी ते मागे घेतले आणि वृत्तपत्रांनी ते वापरू नये असे कळविले. कारण काय, तर धाकट्या राजकन्येच्या डाव्या हातापाशी लोकरी अंगरख्याच्या बाहीची कड जुळत नव्हती. दुसऱ्याच दिवशी युवराज्ञींनी दिलगिरी व्यक्त केली. अनेक हौशी छायाचित्रकारांप्रमाणे आपणही अधूनमधून संपादनाचे प्रयोग करून पाहतो, असे त्यांनी सांगितले.

बाहीच्या एका कडेसाठी एवढा गहजब कशाला, असे कोणालाही वाटेल. परंतु वृत्तसंस्था विकतात ते छायाचित्र नव्हे. छायाचित्रामागचा भरवसा विकतात. ज्या छायाचित्रात एक बाही बदलली आहे त्यात आणखी काय बदलले आहे, हे सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते छापता येत नाही. हा हिशेब सरळ आहे. युवराज्ञींनी बहुधा चांगल्या हेतूनेच, मुलांचे चेहरे नीट यावेत म्हणून, काही जुळवाजुळव केली असेल. हेतू चांगला होता म्हणून साक्ष खरी ठरत नाही, एवढाच या प्रकरणाचा अर्थ.

हा प्रश्न लंडनच्या राजवाड्यापुरता असता तर मराठी वाचकाने त्याची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु दहावी-बारावीचे निकाल लागले की कोणत्याही तालुक्याच्या गावी, बसस्थानकासमोरच्या फोटो स्टुडिओत हाच प्रश्न दिवसातून पन्नास वेळा उभा राहतो आणि एकदाही विचारला जात नाही. विद्यार्थी पांढऱ्या पडद्यापुढे बसतो. दोन मिनिटांत त्याचा चेहरा संगणकाच्या पडद्यावर येतो. मग चालकाची बोटे केवळ सवयीने फिरू लागतात. उजेड वाढतो, कातडी गुळगुळीत होते, गालावरचा जुना व्रण नाहीसा होतो आणि सावळा रंग दोन छटांनी उजळतो. असे कर, हे विद्यार्थ्याने सांगितलेले नसते. करू नको, असेही सांगितलेले नसते. पासपोर्ट आकाराच्या आठ प्रती आणि मोबाइलवर पाठविलेली एक फाइल घेऊन तो अर्ज भरायला जातो. कॅमेऱ्याने प्रत्यक्ष टिपलेला चेहरा त्या स्टुडिओच्या संगणकातून संध्याकाळपर्यंत पुसला जातो.

संगणकाच्या आगमनापूर्वी छायाचित्रे निर्मळ होती, असा भ्रम मात्र कोणी बाळगू नये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वापरात असलेल्या काचेवरील रसायनाला निळा रंग प्रमाणाबाहेर जाणवत असे. परिणामी समुद्र नीट उमटला तर आकाश कोरे पांढरे होई. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७च्या सुमारास समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन नेगेटिव्ह एकत्र छापून यावर तोड काढली, आणि त्याच्या सागरचित्रांची वाहवा झाली. स्टालिनच्या राजवटीत मर्जीतून उतरलेली माणसे छायाचित्रांतूनही उतरविली जात. मॉस्को कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी चालणारा पोलीसप्रमुख येझोव्ह पुढच्या छपाईत दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी पाणी आले. आपल्याकडील जुन्या स्टुडिओंतही काळ्या खोलीशेजारी रिटचिंगचे मेज असे. नेगेटिव्हवर पातळसा लेप देऊन, टोकदार पेन्सिलीने देवीचे व्रण भरून काढणारा कारागीर गावात मान मिळवून असे. छपाईच्या वेळी कागदाच्या एखाद्या भागावर हाताची सावली धरून तो फिका ठेवणे, दुसऱ्या भागावर जास्त उजेड पाडून तो गडद करणे, हे तर प्रत्येक छायाचित्रकाराचे नित्यकर्मच होते. आजच्या सॉफ्टवेअरमधील ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही हत्यारे याच कृतींची नावे घेऊन आली आहेत.

तरीही त्या काळात आणि आजच्या काळात दोन गोष्टींचा फरक होता. पहिली म्हणजे श्रम. एक चेहरा दुरुस्त करायला तास-दोन तास लागत, म्हणून ज्याला खरोखरच गरज असे त्याचाच चेहरा दुरुस्त होई. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, ती म्हणजे नेगेटिव्ह. कागदावर काहीही केले तरी नेगेटिव्ह स्टुडिओच्या पेटीत नंबर घालून ठेवलेली असे, आणि तिच्यावर पेन्सिल फिरली असेल तर उजेडात तिरपी धरताच ती दिसे. खोटेपणाही आपला पुरावा मागे ठेवीत होता. संगणकावरील छायाचित्राची फाइल बदलून त्याच नावाने जतन केली, की आधीचे काहीच उरत नाही. ना पेटी, ना पेन्सिलीची खूण.

सॉफ्टवेअरमधील ही हत्यारे नेमके काय करतात, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्याविषयी मत बनविणे धोक्याचे आहे. संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे आकड्यांनी भरलेला मोठा तक्ता. प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा आणि निळा या तीन रंगांचा एकेक आकडा असतो, आणि नेहमीच्या फाइलमध्ये तो ० पासून २५५ पर्यंत असतो. शून्य म्हणजे काळोख, २५५ म्हणजे पूर्ण उजेड. कोणत्या आकड्याचे किती ठिपके आहेत हे दाखविणारा आलेख म्हणजे ‘हिस्टोग्राम’. ढगाळ दिवशी घेतलेल्या मळकट छायाचित्राचे सगळे आकडे मध्येच, समजा ६० ते १९० यांच्या दरम्यान, गर्दी करून बसलेले असतात. ‘लेव्हल्स’ नावाचे हत्यार ६०ला शून्यावर आणि १९०ला २५५वर खेचते व मधल्यांना प्रमाणशीर पांगविते. चित्र खुलते. ‘कर्व्हज’ हेच काम अधिक नाजूकपणे करते. सावल्यांना हात न लावता मधल्या छटा उचलता येतात. यांत खोटेपणा काही नाही. जे टिपले गेले होते तेच नीट दिसू लागते.

परंतु येथेही एक मोबदला द्यावा लागतो. पांगविलेल्या आकड्यांत फणीच्या दातांसारख्या फटी पडतात, आणि हात जरा जास्त सैल सुटला तर निरनिराळ्या गडद छटा सगळ्याच शून्यावर जाऊन आपटतात. काळ्या कोटाच्या घड्या कोटातच बुडून जातात. पैसे सोडून केवळ रुपयांत मांडलेला हिशेब जसा पुन्हा पैशांत मांडता येत नाही, तशा या घड्या परत येत नाहीत. फिल्टरांची गोष्ट याहून वेगळी नाही. ‘गॉसियन ब्लर’ प्रत्येक ठिपक्याच्या जागी त्याच्या शेजाऱ्यांची भारित सरासरी ठेवतो, आणि कातडी गुळगुळीत होण्याचे रहस्य मुळात इतकेच आहे: सुरकुती ही सरासरीत विरते. चित्र धारदार करणाऱ्या फिल्टराचे ‘अनशार्प मास्क’ हे उलटे वाटणारे नाव काळ्या खोलीतूनच आले. तेथे नेगेटिव्हवर तिचीच अस्पष्ट प्रत चढवून छपाई करीत, त्यामुळे कडा उठून दिसत. कडा उठून दिसतात, तपशील मात्र वाढत नाही. अस्पष्ट आलेल्या वाहनक्रमांकावर हा फिल्टर कितीही वेळा चालविला तरी जो आकडा टिपलाच गेला नव्हता तो उमटणार नाही. चित्रपटांतील गुप्तहेरांनी या बाबतीत लोकांची मोठी दिशाभूल करून ठेवली आहे.

या हत्यारांनी केलेले उपकारही विसरता कामा नयेत. डागाळलेला, पिवळा पडलेला मोडी कागद स्कॅन करून त्याचा कॉन्ट्रास्ट वाढविला, की उघड्या डोळ्यांना न लागणारी ओळ वाचता येते. मूळ कागदाला बोटही लागत नाही. डॉक्टर क्ष-किरणाच्या चित्राची छटा वरखाली करून हाडाची चीर शोधतो. जेम्स वेब दुर्बिणीची जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली चित्रे तर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची आहेत. त्यांतील रंग शास्त्रज्ञांनी दिलेले आहेत, लांब तरंगलांबीला तांबडा, आखूडला निळा. त्यांना कोणी लबाड म्हटले नाही, कारण रंग दिले आहेत हे त्यांनी पहिल्या दिवसापासून सांगितले आहे, आणि मूळ नोंदी कोणालाही तपासण्यासाठी खुल्या ठेवल्या आहेत.

तेव्हा सीमारेषा कोठे आखायची? सोपे उत्तर असे की, उजेड आणि रंग यांची जुळवणी चालेल, वस्तू हलविणे वा पुसणे चालणार नाही. मोठ्या वृत्तसंस्थांनी आपले नियम साधारणपणे याच पायावर उभारले आहेत. असोसिएटेड प्रेसच्या नियमानुसार झगमगाटामुळे डोळ्यांत आलेली तांबडी चमकसुद्धा पुसता येत नाही. नियम किती कठोरपणे पाळला जातो याचे उदाहरण जानेवारी २०१४ मधील. सीरियातील युद्धाची छायाचित्रे घेणारा नार्सिसो कॉन्ट्रेरास हा, याच संस्थेला २०१३ साली पुलित्झर पारितोषिक मिळवून देणाऱ्या चमूतील छायाचित्रकार. एका बंडखोर सैनिकाच्या छायाचित्रात, डाव्या कोपऱ्यात जमिनीवर सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पडलेला दिसत होता. कॉन्ट्रेरासने शेजारची माती त्यावर पसरवून तो झाकला. युद्धाविषयीचे कोणतेही सत्य त्यामुळे बदलले नाही. संस्थेने त्याची जवळजवळ पाचशे छायाचित्रे तपासली. दुसऱ्या एकातही फेरफार आढळला नाही. तरीही संस्थेने त्याच्याशी संबंध तोडले. हा निर्णय निष्ठुर वाटतो. पण २००६ साली बैरुतवरील धुराचे लोट त्याच हत्याराने वाढविणाऱ्या एका छायाचित्रकारामुळे रॉयटर्सला त्याची ९२० छायाचित्रे आपल्या संग्रहातून काढावी लागली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निष्ठुरतेचे कारण समजते.

आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराची हवाई पाहणी करणाऱ्या पंतप्रधानांचे छायाचित्र केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने प्रसृत केले, तेव्हा विमानाच्या खिडकीत बाहेरचे वेगळेच, स्वच्छ दृश्य चिकटविलेले होते. दोन चित्रे एकत्र केल्याचे कार्यालयाला मान्य करून ते मागे घ्यावे लागले. पाहणी खरोखरच झाली होती. तिच्या पुराव्यावर मात्र हसे झाले. सरकारी प्रसिद्धीला याहून महाग पडलेली खिडकी क्वचितच असेल.

असे असले तरी हे सोपे उत्तर पुरे पडत नाही. जून १९९४ मध्ये ओ. जे. सिम्प्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला घटस्फोटित पत्नीच्या खुनाच्या आरोपावरून अटक झाली. पोलिसांनी घेतलेले त्याचे एकच छायाचित्र ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही अमेरिकी साप्ताहिकांनी २७ जूनच्या अंकाच्या मुखपृष्ठावर छापले. ‘न्यूजवीक’ने ते होते तसे छापले. ‘टाइम’साठी एका चित्रकाराने ते गडद केले, कडा अंधारल्या, दाढीची खुंटे अधिक काळी दिसू लागली. वस्तू एकही हलली नव्हती, पुसली नव्हती. वापरली होती ती केवळ छटा बदलण्याची हत्यारे. पण वर्तमानपत्रांच्या दुकानात दोन अंक शेजारी शेजारी दिसले आणि एकाच माणसाचे दोन माणसे झाल्याचे लोकांनी पाहिले: एक आरोपी, आणि एक खटल्याआधीच ठरलेला गुन्हेगार. वंशद्वेषाचा हेतू नव्हता असे संपादकांनी सांगितले, आणि ते खरेही असेल. काळ्या माणसाला अधिक काळे केले की तो अधिक भयंकर दिसतो, हे चित्रकाराच्या हाताला ठाऊक होते. त्याच्या मनाला ते ठाऊक असण्याची गरज नव्हती.

सावळ्या चेहऱ्याचा फोटो उजळ करणाऱ्या तालुक्याच्या स्टुडिओतील चालकाची गोष्ट याच्याच उलट्या बाजूची आहे. त्याच्याही मनात काही नसते. रंगीत फिल्मच्या काळापासून उपकरणांनाच ही खोड लागलेली आहे. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंगांचा ताळमेळ घालण्यासाठी जे नमुनाचित्र पाठवीत असे, त्यावर दीर्घकाळ गोऱ्या कातडीची स्त्री असे, आणि तिची कातडी नीट आली की यंत्र बरोबर आहे असे समजले जाई. या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या कॅनडातील लॉर्ना रॉथ यांनी नोंदविले आहे की, तपकिरी छटा नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली ती सावळ्या माणसांमुळे नव्हे, तर लाकडी सामान आणि चॉकलेट यांच्या उत्पादकांमुळे. माणसांच्या तक्रारीला जे वजन आले नाही ते चॉकलेटच्या तक्रारीला आले!

आज तर चेहरा ‘सुंदर’ करण्याची सोय अनेक मोबाइलच्या कॅमेऱ्यांतच बसविलेली असते आणि काहींत ती मुद्दाम बंद करावी लागते. म्हणजे जे पूर्वी स्टुडिओतला कारागीर ठरवीत असे, ते आता दूरच्या कोणत्या तरी कारखान्यातला अभियंता ठरवितो, आणि चेहरा ज्याचा त्याला विचारले जात नाही. गोरेपणाचा बाजार आपल्याकडे जुनाच आहे. २०२० साली एका प्रसिद्ध मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला आणि एका मोठ्या विवाहजुळणी संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे चाळण्याची सोय काढून टाकली, तेव्हा समाज सुधारल्याचा आनंद अनेकांनी व्यक्त केला. चाळणी संकेतस्थळावरून निघाली आणि कॅमेऱ्यात जाऊन बसली. ज्या प्रदेशाचे सर्वांत लाडके दैवत विटेवर उभे राहून शतकानुशतके आपले सावळेपण मिरविते आहे, तेथे सोळा वर्षांच्या मुलीला आपला खरा रंग फोटोत चूक म्हणून दुरुस्त करून मिळावा, यात काही तरी फार बिघडले आहे. आणि ही दुरुस्ती तिला रोज, तिच्याच हातातील यंत्राकडून मिळत असते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल: लग्नाच्या किंवा वाढदिवसाच्या फोटोत माणसाला चार घटका बरे दिसावेसे वाटले तर त्यात पाप कोणते? काहीच नाही. भिंतीवर लावायचे चित्र ही साक्ष नव्हे. तेथे हौसेला मोकळीक असावी. अडचण ही आहे की भिंतीवरचे चित्र आणि अर्जावरचे चित्र आता एकाच संगणकातून, एकाच सवयीने बाहेर पडते. अर्जावरच्या चित्राचे काम सुंदर दिसण्याचे नाही. परीक्षेच्या दालनात हजेरीपत्रकावरील छायाचित्र आणि समोरचा चेहरा ताडून पाहणारा पर्यवेक्षक हा एक शिक्षक असतो. त्याच्याजवळ प्रत्येक विद्यार्थ्यासाठी काही सेकंद असतात. गालावरचा व्रण ही ओळखीची खूण होती, ती फोटोत नाही. कातडीचा रंग वेगळा, नाकाची कड सरासरीत विरलेली. अशा वेळी प्रामाणिक मुलगी संशयित ठरते, पेपर सुरू होण्याच्या घटकेला तिची उलटतपासणी होते. आणि असे शंभर चेहरे रोज पाहून नजर मेलेला पर्यवेक्षक खऱ्या तोतयालाही सोडून देतो. तोतयांनी तर या साधनाचा पुरता अभ्यास केला आहे. मूळ उमेदवार आणि त्याच्या जागी बसणारा, या दोघांचे चेहरे एकमेकांत मिसळून दोघांशीही जुळेल असे तिसरेच छायाचित्र तयार करायचे, ही युक्ती भरती परीक्षांच्या अनेक प्रकरणांत पोलिसांना आढळली आहे. सगळेच फोटो थोडेथोडे खोटे असल्यामुळे पूर्ण खोटा फोटो त्यांत सहज खपून जातो. हौसेने केलेल्या सफाईची खरी किंमत ही आहे, आणि ती भरतो तो वर्षभर अभ्यास करून आलेला विद्यार्थी.

कचेऱ्यांच्या कारभारातही छायाचित्राने साक्षीदाराची जागा घेतली आहे. रस्ता झाला, शौचालय बांधले, झाड लावले, पीक बुडाले, अशा प्रत्येक गोष्टीबरोबर फोटो जोडावा लागतो. ज्या रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली, तिच्या केंद्रीय योजनेत मजुरांची हजेरी छायाचित्रांद्वारे घेणे १ जानेवारी २०२३ पासून सर्वत्र सक्तीचे झाले. आणि जुलै २०२५ मध्ये ग्रामविकास मंत्रालयाला राज्यांना कळवावे लागले की, कामाशी संबंध नसलेले फोटो चढविले जात आहेत आणि फोटोचाच पुन्हा फोटो काढून हजेरी लावली जात आहे. येथे सॉफ्टवेअरचीही गरज भासली नव्हती. मे २०२३ मध्ये फोटोशॉपच्या चाचणी आवृत्तीत ‘जनरेटिव्ह फिल’ आले, तेव्हापासून तर चित्राचा रिकामा भाग निवडून चार शब्द टंकलिखित केले की तेथे हवी ती वस्तू उगवते. लेव्हल्स, कर्व्हज आणि जुने फिल्टर टिपलेल्या आकड्यांवर काम करीत. हे हत्यार न टिपलेले रचून देते. खड्डा बुजविण्याचे काम रस्त्यावर करण्यापेक्षा पडद्यावर करणे आता स्वस्त झाले आहे, हे लेखापरीक्षकांनी वेळीच ध्यानात घ्यावे.

उपाय म्हणून परदेशांत कायदे झाले. फ्रान्सने १ ऑक्टोबर २०१७ पासून, मॉडेलचा बांधा बारीक वा जाड करून दाखविणाऱ्या जाहिरातींवर ‘संस्कारित छायाचित्र’ असा शेरा बंधनकारक केला. नॉर्वेमध्ये १ जुलै २०२२ पासून अशा जाहिरातींवर सरकारी शिक्का उमटवावा लागतो, आणि समाजमाध्यमांवर पैसे घेऊन प्रचार करणाऱ्यांनाही तो लागू आहे. हेतू स्तुत्य आहे. पण सगळ्याच चित्रांवर शेरा आला की तो सिगारेटच्या पाकिटावरील इशाऱ्यासारखा न वाचता ओलांडला जातो, आणि चेहरा मनात राहतो. जर्मनीने अधिक व्यावहारिक मार्ग धरला. चेहरे मिसळण्याच्या युक्तीला आळा घालण्यासाठी १ मे २०२५ पासून पारपत्र व ओळखपत्र यांसाठी घरून आणलेला कागदी फोटो तेथे नियमाने बंद झाला. फोटो कार्यालयातच काढायचा, किंवा नोंदणीकृत छायाचित्रकाराने तो सुरक्षित मार्गाने थेट कार्यालयाकडे पाठवायचा. आपल्याकडे आधार आणि पारपत्र सेवा केंद्रांत समोर बसवून फोटो घेण्याची पद्धत आधीपासून आहे. मग लाखो उमेदवारांच्या परीक्षांतच स्टुडिओच्या मर्जीवर का विसंबायचे?

आपल्या कायद्यानेही या दिशेने एक पाऊल टाकले आहे आणि त्याची माहिती कचेरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला असायला हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात त्या फाइलचे ‘हॅश’ मूल्य नमूद करायचे असते. हॅश म्हणजे फाइलमधील सर्व आकड्यांवरून गणिताने काढलेली एक लांबलचक संख्या. एका ठिपक्याची छटा एका अंशाने बदलली तरी ही संख्या पूर्णपणे बदलते. फाइल खरी की खोटी हे हॅश सांगत नाही. ती घेतली त्या दिवसानंतर तिला कोणी हात लावला की नाही, एवढेच सांगतो. जुन्या नेगेटिव्हची पेटी याहून वेगळे काही सांगत नव्हती.

यांतील बऱ्याचशा गोष्टींना कायद्याचीही वाट पाहावी लागत नाही. १९९६ सालापासून फोटोशॉपमध्ये ‘ॲडजस्टमेंट लेअर’ची सोय आहे: मूळ चित्र खाली तसेच राहते आणि उजेड-रंगाचे सगळे बदल वर ठेवलेल्या पारदर्शक कागदाप्रमाणे वेगळे राहतात, केव्हाही काढता येतात. हत्यार बनविणाऱ्याने प्रामाणिकपणाची व्यवस्था करून ठेवली आहे. वापरणारा घाईत सगळे थर एकत्र दाबून टाकतो. संगणकाच्या वर्गांत मुलांना फिल्टर शिकविले जातात, तेथे मूळ फाइल वेगळ्या नावाने राखून ठेवण्याची सवय पहिल्या तासालाच लावता येईल. परीक्षा घेणाऱ्या मंडळांची सूचनापत्रके छायाचित्राची लांबी-रुंदी, फाइलचे आकारमान आणि पार्श्वभूमीचा रंग यांविषयी अतिशय काटेकोर असतात. चेहऱ्याची कातडी, रंग व खुणा यांत कोणताही बदल केलेला नसावा, ही ओळ त्यांत ठळक अक्षरांत असावी, आणि ती केवळ विद्यार्थ्यासाठी नव्हे तर स्टुडिओच्या चालकाने वाचावी म्हणून असावी. कारण बदल तो करतो आणि शिक्षा विद्यार्थ्याला होते.

पूर्वी जादा पैसे दिले की स्टुडिओवाला नेगेटिव्हही देत असे. आज न बदललेली पहिली फाइल आठ प्रतींसोबत देण्यास एक पैसाही खर्च येत नाही. ग्राहकाने ती मागितली पाहिजे, आणि शाळांनी फॉर्म भरण्याच्या दिवसांत सूचनाफलकावर तसे लिहून लावले पाहिजे. येत्या हंगामापासून हे सुरू होण्यास कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही.